खुनी सांगतो ते कारण

दिल्ली विद्यापीठाच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात काही वर्षं एडगर अ‍ॅलन पो होता, पण त्याची नेमलेली कथा होती ‘द परलॉइन्ड लेटर’. म्हणजे जिच्यात कोणी कोणाला मारत नाही, एक पत्र तेवढं चोरीला जातं, ती. मुलांना मात्र पो म्हटल्यावर भिंतीत चिणलेली माणसं हवी असत. मग जानेवारीत कधी नव्हे ते ऊन पडलं की आम्ही लॉनवर शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन बसायचो आणि अभ्यासक्रमाबाहेरचे खून वाचायचो. आता निवृत्त होऊन दिल्लीलगतच्या इंदिरापुरमला राहते. इथल्या मराठी मंडळींचा एक वाचनगट आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींवर वाढलेली माणसं, त्यामुळे अंधाराचं त्यांना वावडं नाही. नॉर्थ कॅम्पसच्या लॉनवर आणि इंदिरापुरमच्या दिवाणखान्यात, दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच यायचा: त्याने का मारलं? त्या प्रश्नाच्या मागे फिरताना जे हाती लागलं ते आकडे घालून मांडते. आकडे सोयीपुरते आहेत.

१. तो हे कोणाला सांगतोय, ते आधी बघावं

‘द टेल-टेल हार्ट’मधला निवेदक सुरुवातीलाच हात झटकतो. म्हाताऱ्याच्या पैशावर माझा डोळा नव्हता, त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं, उलट माझं त्याच्यावर प्रेम होतं, असं सांगतो. मग उरतो तो म्हाताऱ्याचा फिकट निळा, सारा आलेला डोळा. इथे मुलं डोळ्याचे अर्थ लावायला धावत. कोणाला त्यात बाप दिसे, कोणाला देव, कोणाला स्वतःच्या गावचे आजोबा. मी म्हणायचे, डोळा राहू द्या, समोर कोण बसलंय ते सांगा. कारण समोर कोणीतरी आहे. त्याने या माणसाला वेडा म्हटलं आहे आणि हा ते खोडून काढायला बसला आहे. मी किती सावधपणे दार उघडलं, किती रात्री वाट पाहिली, प्रेत लपवताना किती हुशारी केली, हे सगळे त्याचे पुरावे आहेत. त्याला निर्दोष ठरायचं नाही, शहाणं ठरायचं आहे.

लॉ फॅकल्टीतला एक मुलगा आमच्यात अधूनमधून येऊन बसायचा. तो म्हणाला, “मॅम, याला वकील असता तर त्याने सांगितलं असतं, पैशासाठी मारलं म्हण. लगेच शहाणा ठरशील.” कथेतली गोम इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आली नव्हती. लोभ कबूल केला असता तर याच्या शहाणपणावर कोणी शंका घेतली नसती. पण आपण लोभी ठरू नये, हीही त्याची हौस आहे. दोन्ही हौशी एकदम भागत नाहीत, आणि कथा त्या फटीत उभी आहे.

२. अपमान काय होता, हे विचारायचंच

‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) वाचलेल्या माणसाला विचारा, माँट्रेसॉरने फॉर्च्युनाटोला का चिणलं? उत्तर येतं, अपमानाचा सूड. कसला अपमान? मग पानं चाळली जातात. कुठेच नाही. फॉर्च्युनाटोने अनेकदा दुखावलं ते मी सोसलं, पण अपमान केला तेव्हा शपथ घेतली, एवढ्यावर तो आपल्याला गुंडाळतो आणि आपण तळघरात त्याच्या मागोमाग मशाल धरून निघतो.

त्याने सूडाचे नियमही घालून दिलेले आहेत. सूड घेणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, आणि ज्याच्यावर सूड घेतला त्याला तो कोण घेतोय ते कळलं पाहिजे. पहिला नियम पाळला जातो. पन्नास वर्षं झाली तरी कोणी त्या हाडांना हात लावलेला नाही. दुसऱ्याचं काय? फॉर्च्युनाटोला कोण मारतंय ते दिसतं, का ते एकदाही सांगितलं जात नाही. तो आधी थट्टा समजतो, मग विनवतो, मग गप्प होतो. इतक्या जय्यत तयारीने आलेला माणूस कारण तेवढं सांगायचं विसरेल? मला वाटतं, सांगण्याजोगं काही नव्हतंच. फॉर्च्युनाटो श्रीमंत होता, लोकांत मान असलेला होता, आणि माँट्रेसॉरच्या घराण्याचे दिवस सरले होते. हे उघड कसं बोलणार? त्याला ‘अपमान’ हे भारदस्त नाव दिलं की घराण्याचं बोधचिन्ह आणि ब्रीद मदतीला येतात. हा माझा अंदाज आहे. आमच्या गटातल्या एका काकांना तो साफ नामंजूर आहे.

३. पुस्तक मिटून रिजवर चढून यावं

नॉर्थ कॅम्पसमागच्या रिजवर हिंदुराव रुग्णालय आहे. दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस ही पाटी वाचून एकदा तरी थबकतो. हे हिंदुराव घाटगे, कागलकर घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. टेकडीवरचा बंगला त्यांनी घेतला म्हणून तो हिंदुरावाचा वाडा झाला. १८५७ च्या वेढ्यात गुरखा पलटण याच बंगल्याला धरून लढली. पण घाटग्यांच्या आधी हे घर विल्यम फ्रेझरचं होतं, आणि ते रिकामं झालं ते खुनामुळे.

फ्रेझर कंपनी सरकारचा दिल्लीतला सर्वांत बडा अधिकारी. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी किशनगढच्या राजाकडून दर्यागंजातून घरी परतताना, बंगला जवळ आला असता, करीम खान नावाच्या घोडेस्वाराने त्याला गोळी घातली. माग फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान याच्यापर्यंत गेला. पुराव्यात पत्रं होती, त्यांत कुत्री खरेदी करण्याची ताकीद होती, आणि सरकारचं म्हणणं की कुत्री म्हणजे फ्रेझर. ऑगस्टमध्ये करीम खान फासावर गेला आणि ऑक्टोबरमध्ये काश्मिरी गेटाबाहेर खुद्द नवाब. फ्रेझरची कबर तिथून जवळच, सेंट जेम्स चर्चच्या आवारात आहे. ठगांच्या मागे लागलेल्या स्लीमनने आपल्या प्रवासवर्णनात या खुनाला वेगळं प्रकरण दिलं आहे. ज्यांना मारायचं त्यांच्याशी काही वैर नसलेल्या खुन्यांमध्ये आयुष्य घालवलेला तो माणूस. वैराने झालेला एक खून त्याला किती निराळा वाटला असेल!

आता कारणं मोजू. पहिलं कारण जायदादीचं. नवाबाच्या वडिलांनी, अहमद बख्श खानांनी, फिरोजपूर झिरका थोरल्याला आणि लोहारू धाकट्या सावत्र भावांना दिलं होतं. थोरल्याला लोहारूही हवं होतं आणि फ्रेझर धाकट्यांच्या बाजूने उभा होता. दुसरं कारण अपमानाचं. नवाब भेटीला गेला आणि फ्रेझरने त्याला दारातून परत पाठवलं, तेही ज्याच्या घरी लहानपणापासून येणंजाणं होतं त्याने. तिसरं कारण दिल्लीच्या गल्ल्यांमधलं: फ्रेझरने नवाबाच्या घरातल्या बाईबद्दल नको ते विचारलं. शम्सुर्रहमान फारूकींच्या ‘कई चाँद थे सर-ए-आसमाँ’ या २००६ च्या उर्दू कादंबरीत केंद्रस्थानी वझीर खानम आहे, नवाबाची प्रिया आणि शायर दाग देहलवीची आई. तिच्या बाजूने वाचलं की जायदादीचा तंटा पार मागे पडतो.

प्रत्येक कारणाला आपापला श्रोता आहे. न्यायासनापुढे जायदाद चालते, कारण ती कागदावर दाखवता येते. फ्रेझरच्या मित्रांना दारातून परत पाठवल्याची गोष्ट सोसवते. त्यात साहेब फटकळ ठरतो, लंपट ठरत नाही. आणि शहराला बाईची गोष्ट लागते, कारण त्याशिवाय नवाब शहीद होत नाही. यात गालिबही सापडला. त्याची बायको लोहारू घराण्यातली, त्याचं पेन्शन फिरोजपूरच्या तिजोरीशी बांधलेलं, त्यावरून नवाबाशी भांडण, वर फ्रेझरशी दोस्ती. नवाब पकडला गेल्यावर खबर यानेच दिली अशी कुजबुज शहरात झाली. म्हणजे शहराने खबऱ्याचाही हेतू परस्पर ठरवून टाकला.

माझ्या वर्गात मेवातकडची एक मुलगी होती. फिरोजपूर झिरका आज हरियाणाच्या नूंह जिल्ह्यात येतं आणि नूंह राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात (एनसीआर), म्हणजे सरकारी नकाशात ती आणि मी एकाच गावच्या. नवाबाला खुनी म्हटल्यावर ती भर लॉनवर उठून उभी राहिली. नंतर मी त्यांना ‘हॉप-फ्रॉग’ (१८४९) वाचून दाखवली. त्यात परमुलखातून पकडून आणलेला बुटका विदूषक, त्याच्या मैत्रिणीच्या तोंडावर दारू फेकणाऱ्या राजाला सात मंत्र्यांसकट जिवंत जाळतो आणि निसटतो. एकजात सगळा वर्ग विदूषकाच्या बाजूने. “मग आमचा नवाब?” तिने विचारलं. नवाब काही विदूषक नव्हता, तोही राजाच होता, असं कोणीतरी म्हणालं आणि वाद मेट्रो स्टेशनपर्यंत चालला.

४. पैसा हे कारण कथेत टिकत नाही

कोर्टात सर्वांत पटणारं कारण कथेत सर्वांत आधी विरून जातं. स्टीव्हन्सनचा मार्कहाइम नाताळच्या दिवशी दुकानदाराला पैशासाठीच भोसकतो. पण किल्ल्या हातात आल्यावर तो तिजोरीपेक्षा घड्याळांच्या टिकटिकीकडे आणि आरशांकडे जास्त बघतो, आणि शेवटी मोलकरणीला स्वतःच सांगतो की पोलिसांना बोलाव. पोच्या ‘द इम्प ऑफ द परव्हर्स’ (१८४५) मध्ये विषारी मेणबत्तीने खून होतो, वारसा मिळतो, संशय कोणालाच येत नाही, वर्षानुवर्षं मजेत जातात. मग एक दिवस, मी कबूल केलं नाही तर सुरक्षित आहे, हा विचार मनात येतो आणि तिथून खुनी धावत सुटतो थेट कबुलीपर्यंत. वारसा किती होता, त्याचं काय केलं, कोणाला आठवतं?

आमच्या गटातल्या एक पुणेकर आजी यावर म्हणाल्या, “अहो, हे पुस्तकातलं झालं. आम्ही जोशी-अभ्यंकर बघितलंय.” १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत दहा खून, करणारे कलाशिक्षण घेणारे चार तरुण. पुण्यात संध्याकाळनंतर दारावर टकटक झाली की घरं गप्प व्हायची, ते त्यांनी असं सांगितलं की चहा आणणाऱ्या माझ्या सुनेने दार लावून घेतलं. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. कारण लुटीचं होतं, ते कोर्टाला पुरलं. आजींना अजून पुरत नाही. त्या चौघांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ त्यांनी वाचलंय, आणि त्यातही उत्तर मिळालं नाही म्हणतात. आजींचं ऐकल्यापासून मी ‘पैशासाठी’ हा शब्द खुनाच्या बातमीत वाचते तेव्हा पुढे वाचत राहते.

५. आणि टिकतो तेव्हा तो पैसा नसतो

रवींद्रनाथांची ‘संपत्ती-समर्पण’ १८९१ च्या सुमाराची. हिला कोणी गॉथिक म्हणत नाही, पण पडकं देऊळ, भुयार, मध्यरात्र आणि जिवंत गाडलेलं पोर, आणखी काय हवं? यज्ञनाथ कुंडू महाकंजूष. सुनेच्या औषधाला पैसे दिले नाहीत, ती मेली, मुलगा नातवाला घेऊन घर सोडून गेला. म्हातारपणी एक पळून आलेला पोरगा त्याच्या आश्रयाला येतो. आपलं धन आपल्याच वंशाला पोचावं म्हणून म्हातारा या परक्या पोराला यक्ष करून भुयारात धनाच्या राखणीला बसवतो, पूजा करतो, आणि वरून दगड, माती, विटा. तो पोरगा त्याचाच नातू असतो, नाव बदलून फिरणारा.

माँट्रेसॉर आणि यज्ञनाथ यांना शेजारी बसवून वाचा. दोघंही जमिनीखाली चिणतात आणि आतला आवाज मिटेपर्यंत थांबतात. एकाला गेलेल्या घराण्याचा राग आहे, दुसऱ्याला येणाऱ्या घराण्याची चिंता. पैसा यज्ञनाथाला खर्चायचा नाही, मोजायचाही नाही, फक्त आपल्या रक्ताकडे जावा एवढंच हवं आहे. मारलेल्या पोराशी त्याचं वैर नाही. त्याच्यावर जीवच जडलेला आहे. पोच्या कथांपेक्षा मला ही जास्त सोसवत नाही, कारण ही इच्छा मी आमच्याच नात्यात, वाटणीच्या बैठकांत, सभ्य आवाजात ऐकलेली आहे.

६. काही जणी कारण देत नाहीत

फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) मध्ये एक जागा आहे जिथे कायदाच हेतू विचारतो. मिस एमिली औषधाच्या दुकानात आर्सेनिक मागते. दुकानदार म्हणतो, कशाला हवं ते सांगणं कायद्याने भाग आहे. ती मान मागे टाकून त्याच्याकडे नुसती बघत राहते. तो आत जातो आणि पुडी नोकराच्या हातून बाहेर पाठवतो. वर लिहिलेलं असतं की उंदरांसाठी. हेतू तिने सांगितला नाही, तो दुकानदाराने भरला. त्यानंतरचा सगळा हेतू गाव भरतं, कारण कथाच गाव सांगतं: बापाने लग्न होऊ दिलं नाही, उत्तरेकडचा होमर बॅरन सोडून जाणार होता, म्हणून तिने त्याला कायमचा ठेवून घेतला. पटतं सगळं. पण चाळीसेक वर्षं बंद असलेल्या त्या खोलीतून एमिलीचा एक शब्दही बाहेर आलेला नाही.

याच्या उलट रवींद्रनाथांची ‘कंकाल’ (१८९२). तिथे खून करणारी बाई मेल्यानंतर सांगाडा होऊन येते आणि रात्रभर बोलते. तरुण विधवा, आपल्या रूपाची पुरती जाण असलेली. ज्या डॉक्टरवर तिचा जीव, तो पैशासाठी गुपचूप दुसरीकडे लग्नाला निघाला, तेव्हा तिने त्याच्या पेल्यात विष कालवलं, स्वतः घेतलं आणि नवरीसारखी नटून निजली. सापडेन तेव्हा ओठांवर हसू असावं ही तिची इच्छा. झाली ती मुलांना हाडं शिकवायची वस्तू. मत्सर हे कारण तिने किती चवीने सांगितलं आहे! मला विचाराल तर ते अर्धंच आहे. डॉक्टर मेला नसता तरी तिला बघणारं दुसरं कोणी त्या घरात नव्हतं, ते ती सांगत नाही.

७. ‘वेड’ म्हणून फाईल बंद करू नये

‘द टेल-टेल हार्ट’ छापून आली जानेवारी १८४३ मध्ये. त्याच महिन्यात लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील समजून त्यांचा सचिव ड्रमंड याला गोळी घातली. वेडसर म्हणून तो सुटला, आरडाओरडा झाला, आणि न्यायाधीशांनी नियम आखले. कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे आरोपीला कळत होतं का, एवढंच बघायचं. आपल्या दंडसंहितेचं कलम ८४ याच नियमांवर बेतलेलं, आणि १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आलं आहे. त्या कसोटीवर म्हाताऱ्याचा खुनी वेडा ठरत नाही. प्रेत फळ्यांखाली लपवणाऱ्याला आपण काय केलं ते चांगलं कळतं. लॉ फॅकल्टीचा तो मुलगा आता तीस हजारीत वकिली करतो. तो सांगतो की डोळ्यांदेखत पाहणारा साक्षीदार असला तर हेतू सिद्ध झाला नाही तरी खटला अडत नाही. परिस्थितीजन्य पुरावाच असला तर मात्र हेतूची साखळी लागते. पोचे खुनी साक्षीदार मागे ठेवत नाहीत, स्वतःच साक्ष द्यायला येतात. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा हेतू बिनकामाचा आहे, आणि तेवढंच आपल्याला वाचायचं असतं.

८. ‘द ब्लॅक कॅट’मध्ये मांजर किती, हे विचारू नये

ही कथा पण १८४३ चीच, ऑगस्टमधली. लॉनवर हिच्यावर चर्चा हमखास रंगायची. दारू, चिडखोरपणा, मुद्दाम वाईट करण्याची ओढ. मांजराचा डोळा का काढला, त्याला झाडाला का टांगलं, दुसरं मांजर खरं होतं की भास, त्याच्या छातीवरचा पांढरा डाग फाशीच्या खांबासारखा का दिसू लागला. तास दीड तास. मग मी विचारायचे, आणि बायको? जरा शांतता. हो, तळघराच्या पायऱ्यांवर मांजर पायात आलं, निवेदकाने कुऱ्हाड उगारली, तिने हात धरला, याने ती तिच्या डोक्यात घातली. दोन वाक्यांत उरकलं आहे. मांजराला मारण्याच्या कारणांना पानंच्या पानं, बायकोला मारायला कारण कुठलं तर मध्ये आली. निवेदकाला हेच हवं होतं की आपण मांजराबद्दल बोलत राहावं, आणि दर वर्षी नवी मुलं येऊन तेच करायची.

एका वर्षी मागे बसलेल्या रोहतकच्या एका मुलीने विचारलं, “मॅम, वाइफ का नाम क्या था?” सगळ्यांनी पुन्हा पानं उलटली. नाव नाही. मांजराचं आहे, प्लुटो.